ताणावर सोडलेली पोरगी

बसा जी, बसा. नागपूरची गाडी अजून छिंदवाड्याकडून यायची आहे. ती आली का सांगा लागत नाही, ह्या फळीवरचे कप आपोआप हालाले लागते. तवरक चहा उकळते, अन् चहा उकळेपर्यंत मी तुम्हाले एक गोष्ट सांगतो. एका बापाची आहे. त्यानं आपल्या सख्ख्या पोरीले संत्र्याचं झाड समजलं. हसू नका आताच. पुरी ऐका, मंग हसाचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

बोरगावचा नत्थूजी. रस्त्याच्या उतारावर त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, आजूबाजूनं कापसाच्या पऱ्हाटीचे वावरं. माणूस अबोल. झाडाशी बोलन, बैलाशी बोलन, पण माणसाशी बोलाचं म्हणलं का पहिले खाकरन, मंग टोपी सरळ करन, अन् तवरक समोरचा माणूस निघून जाईन. एकाच जिवापाशी त्याची जीभ चाले. ती म्हणजे त्याची पोरगी, मालती. तिले तो कधी मालती म्हणेच ना. मायबाई म्हणे. "मायबाई, पाणी आण. मायबाई, पेपर आणला का?"

पेपरची एक गंमतच होती. नत्थूजीले वाचता येत नाही. मालती इथं सौंसरले शाळेत ये, अन् घरी जाताना माह्या ह्याच टपरीवरून आदल्या दिवसाचा पेपर घेऊन जाये. दिवस कलला का बापलेक विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडते त्या दगडी कुंडीच्या काठावर, बसत. दांडातून, म्हणजे पाटातून, बगीच्यात पाणी चालू असे. पोरगी पहिले संत्र्याचा भाव वाची, मंग कापसाचा, मंग जे असन ते. कुठं पूल झाला, कुठं कोणता राजा आला, कुठं बर्फ पडला. नत्थूजी डोळे मिटून ऐके. त्याले वाटे, ही सगळी दुनिया त्या दांडातल्या पाण्यासंगं वाहत येऊन राहिली अन् एकेका झाडाच्या आळ्यात मुरून राहिली. भाव उतरला असला तरी त्या टायमाले त्याले काही वाटत नसे.

तर ह्याच साली, शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मालतीची हायर सेकंडरी झाली. मास्तर म्हणे, पोरीले नागपूरले पाठवा, सायन्स घेऊ द्या. मालतीच्या मनात तेच होतं. रात्रंदिवस तेच होतं. घरात कोणी नाही म्हणलं नाही. नत्थूजी म्हणे, "जाईन." त्याची बायको शकुबाई म्हणे, "जाईनच." झालं. लग्नापेक्षा लवकर ठरलं.

शकुबाई मंग तयारीले लागली. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवाले घेतली. घरचा कापूस काढला, अन् उशीसाठी पांढुर्ण्याहून पिंजारी बोलावला. तो आंगणात बसून धनुकली वाजवे, टुंग टुंग टुंग, अन् कापूस असा उडे का निंबाच्या खालची सावली पांढरी होऊन गेली. मालती त्या कापसात बसून हातानं गोळे गोळा करून राहिली होती. केसात कापूस, पापण्यात कापूस. नत्थूजी बगीच्यातून आला अन् फाटकातच उभा राहिला. त्याले वाटलं, आपली पोरगी ढगात बसली आहे, अन् जराक वारा सुटला का जाईन.

त्याच हप्त्यात इथं, तुम्ही बसले ना, त्याच बाकड्यावर केशवराव भेटला त्याले. केशवराव म्हणजे आपला तहसीलीतला बाबू. त्याचा पोट्टा श्रीकांत मागच्या साली नागपूरले शिकाले गेला, अन् एक हप्ताही पुरा नाही झाला तं पेटी डोक्यावर घेऊन वापस आला. ह्या स्टँडवरून रडत रडत घरी गेला, सारा बजार पाहून राहिला होता. अजूनही लोक केशवरावले राम राम करते तवा पेटीची तब्येत विचारते.

केशवराव म्हणे, "नत्थूजी, राग नका मानू. माह्या पोट्ट्यानं मायचा पदर सोडला नोता. तुमची पोरगी तं तुमच्या सावलीतच वाढली. तुमच्याबिगर जेवत नाही ती. ती तिथं कशी राहीन?"

नत्थूजी खाकरला. टोपी सरळ केली. तवरक केशवराव उठून गेला. पण ती गोष्ट त्याच्या कानात माशीवाणी शिरली. पायीच बोरगावले निघाला. उन्हात रस्ता हालत होता, पाण्यावाणी चमकत होता, अन् त्या चमकीत त्याले दिसून राहिलं का समोरून कोणी येऊन राहिलं. डोक्यावर पेटी आहे. जवळ गेला तं कोणीच नाही. पुन्हा समोर कोणी. घरापर्यंत ती पेटी त्याच्या पुढं पुढं चालत होती.

आता तुम्ही बगीचावाले नसान तं एक सांगा लागते. मृगाचा बहार धराचा असला का वैशाखात झाडाचं पाणी तोडते. एक थेंब नाही द्याचा. त्याले म्हणते, बगीचा ताणावर सोडला. झाड तहानते, पानं पिवळे पडते, अर्धे गळून जाते. पाहणाऱ्याले वाटते, मेलं. पण मरत नाही, झोपते. नत्थूजीचा बाप म्हणे, ताणातलं झाड सपन पाहते, अन् सपनात त्याले आपलेच फुलं दिसते. मंग पाणी भेटलं का तेच फुलं बाहेर येते. रोज पाणी पिणारं झाड नुसतं पानं काढते, फुलत नाही. लाडाचं झाड.

नत्थूजीनं थारोळ्यावर बसून हाच विचार केला. पोरगी रोज पाणी पिऊन राहिली. अशीच पाठवली तं सुकून वापस येईन. ताण द्या लागते. अन् ज्या दिवशी त्यानं बगीच्याचं पाणी तोडलं, त्याच दिवशी पोरीचंही तोडलं.

शाळा संपली तरी पेपर सुटला नोता; संध्याकाळी मालती तो घेऊन आली. तो म्हणे, "राहू दे."

"भाव तरी ऐका बाबा."

"राहू दे म्हणलं ना, मालती."

पोरगी पाहतच राहिली. मायबाई नाही, मालती. पेपरची घडी करून हळूच घरी गेली.

त्या दिवसापासून त्यानं तिच्याकडून पाणी मागणं सोडलं, आपला गडवा आपणच भरे. जेवाले तिच्या आधी बसे, नाही तं ती झोपल्यावर बसे. पांढुर्ण्याच्या बजारात गेला, चांगली मजबूत पेटी घेतली, गाडीच्या टपावर आपल्या हातानं बांधून आणली, अन् घरात आणून ओसरीवर ठेवून देल्ली. कोणासाठी आणली तेही बोलला नाही. कडी कशी लागते ते मायलेकींनी आपल्या आपणच पाहून घेतलं.

शकुबाई म्हणे, "काय जी, जीभ विकून पेटी आणली का?"

 बायकोलेही सांगितलं नाही त्यानं. झाडाले सांगून ताण देते का कोणी?

दिवस असे गेले का काय सांगू. बगीचा पिवळा पडला. वारा नसला तरी पान गळे, अन् वाळल्या पानावर दुसरं वाळलं पान पडलं का पाऊल वाजल्यासारखं वाजे. नत्थूजी दचकून मागं पाहे. त्याले वाटे, पोरगी आली पेपर घेऊन. कोणी नसे. रोज तो एकेका झाडापाशी जाये, पान उलटं करून पाहे, बोटानं दाबून पाहे, डहाळी जराक वाकवून पाहे. ताण किती बसला ते पानावरून समजते. कमी झाला तं बहार नाही, जास्त झाला तं झाड जाते. मधात नजर चुकली का झालं.

एकच झाड हिरवं होतं. विहिरीकाठचं. त्याचे मुळं विहिरीच्या दगडातून आत उतरले आहे, त्याले कितीही ताण द्या, ते आपलं खालून पाणी पीत राहते. सगळे झाडं वाळून राहिले तरी ते मजेत. बहार नाही धरत कधी, पण बाराही महिने दोन-चार फुलं कुठं ना कुठं असतेच त्याच्यावर. नत्थूजीचा बाप ते तोडाचं म्हणे. नत्थूजीनं राहू देल्लं. थारोळ्यावर सावली पाडते म्हणून.

एक दिवस दुपारी नत्थूजी त्याच सावलीत लवंडला. डोळा लागला. अन् त्याले सपन पडलं. बगीच्यातले सगळे झाडं आपले मुळं हळूहळू वर काढून राहिले, जशा बाया नाल्यातून चालताना लुगडं वर धरते तसे. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पेटी. एकामागं एक रस्त्याले लागले, नागपूरच्या अंगानं. धूळ नाही, आवाज नाही. शेवटचं झाड थांबलं, वळलं. नत्थूजीनं त्याचं तोंड पाहाची लय कोशिश केली, पण पानंच पानं, तोंड दिसेच ना. "मायबाई" म्हणून हाक मारली तं गळ्यातून आवाज निघाला नाही, धनुकलीची टुंग टुंग निघाली.

जागा झाला तं समोर शकुबाई उभी. कमरेवर हात.

"उठा. तुमची पोरगी पेटी खाली करून राहिली."

"काहून?"

"मले विचारता? गोधडी काढली, उशी काढली, पुस्तकं फळीवर ठेवले. माहे लुगडे घडी करून पेटीत ठेवून राहिली. म्हणते, आई, पेटी तुह्या कामाची आहे, मी नाही जात. म्हटलं काहून वं, तं म्हणते, बाबाच्या मनात नाही. बाबा माह्याशी बोलत नाही, नाव घेऊन हाक मारते, माह्या हातचं पाणी पीत नाही. मी जाऊन राहिली म्हणून त्याईले राग आला. तोंडानं नाही म्हणत नाही, पण मी काय लहान आहे का."

नत्थूजी उठून बसला. खाकरला, टोपी शोधली. मंग जे महिनाभर पोटात ठेवलं होतं ते एका दमात बोलला. केशवराव, श्रीकांत, पेटी, ताण, सगळं.

शकुबाई ऐकत राहिली. पहिले तिचं तोंड हसाले झालं, मंग हसू कुठं गेलं काय माहीत.

"अवो, ते पोरगी आहे. संत्र्याचं झाड आहे का?"

"तसंच असते. लाडाचं झाड..."

"बरं, झाडच समजू," शकुबाई म्हणे. "झाडाचं पान तुम्ही रोज उलटून पाहता ना? ताण जास्त तं नाही झाला म्हणून? एवढ्या दिवसात तिच्या तोंडाकडं पाहिलं का एक डाव?"

 पाहिलं नोतंच त्यानं. पाहिलं असतं तं मायबाई तोंडातून निघून गेलं असतं, म्हणून पाहतच नोता. घरी आला का नजर खाली, पेटीवर नाही तं चुलीवर. बगीच्यातल्या झाडांचं पान न् पान त्याले मालूम होतं, अन् ओसरीवरचं एक झाड पाहाचं राहून गेलं.

तो घरी आला. मालती उंबऱ्यात तूर निवडून राहिली होती. त्यानं पाहिलं. डोळ्याखाली काळं आलं होतं. ओठ सुकले होते. बाप आला तरी मान वर केली नाही, खडा काढून बाजूले टाकला.  त्याले वाटलं, दोन दिवस अजून गेले असते तं हे झाड गेलं असतं.

"मायबाई," तो म्हणे, "पेपर आहे का घरी?"

पोरीचा हात सुपात तसाच राहिला. "तुम्हीच तं राहू दे म्हणलं होतं."

"जुना असन एखादा."

"जुना आहे. आईनं त्यात शेवया गुंडाळल्या."

"तोच आण."

शेवयाचा चुरा झटकून तिनं तो कागद घेतला, अन् दोघं बगीच्यात गेले. पुढं बाप, मागं लेक. पायाखाली वाळले पानं वाजून राहिले होते, पण आता नत्थूजी मागं पाहत नोता. थारोळ्यावर बसले. पोरीनं वैशाखातला संत्र्याचा भाव वाचला. मंग कापसाचा. मंग कुठं तरी मोठा पूल होऊन राहिला होता, तो अर्धा पूल. बाकीचा अर्धा ज्या कागदात होता तो फाटला होता. नत्थूजी डोळे मिटून ऐकत होता. दांड कोरडा होता, तरी त्याले पाण्याचा आवाज येऊन राहिला होता.

वाचणं झाल्यावर तो म्हणे, "मायबाई, मी तुह्यावर रागावलो नोतो वं. तुले ताण देऊन राहिलो होतो."

एवढंच. पण बगीच्यावाल्याच्या पोरीले एवढं पुरते.  मालतीनं कागदाची घडी केली, उलगडली. मंग डोक्यावरच्या फांदीकडं पाहून म्हणे, "बाबा, ह्याले काहून ताण नाही बसत?"

"मुळं पाण्यात आहे त्याचे."

"मंग माहे कुठं आहे असं वाटलं तुम्हाले?"

नत्थूजीनं टोपी सरळ केली. मंग काढून मांडीवर ठेवली.

"ते येडं झाड आहे," तो म्हणे. "बहार नाही धरत."

"फुलं तर आहे." तिनं हात वर करून एक पांढरं फूल खुडलं. त्या साऱ्या पिवळ्या बगीच्यात फुलं होते ते त्याच झाडावर. बापाच्या टोपीत टाकलं. "दोन-चार तं दोन-चार. मी नागपूरले गेली तरी तुमचा पेपर वाचतच राहीन. तिकडून वाचीन, तुम्ही इकडून ऐकजा."

नत्थूजी हसला. त्याच्या तोंडाले सवय नोती राहिली, म्हणून जराक वाकडाच हसला.

मृग ह्या साली कोरडा चालला होता. ढग यायचे, बसायचे, अन् न बोलता उठून जायचे. नत्थूजीनं त्या ढगाइची वाट पाहणं सोडून देल्लं. तिथंच उठला, मोटर चालू केली. मालतीनं फावडं घेतलं अन् लहानपणी करे तसं एकेका आळ्याचं तोंड उघडत गेली. कोरड्या मातीनं पाणी असं ओढलं का सुं सुं आवाज होऊन राहिला, जसं कोणी झोपेतून जागं होताना लांब श्वास घेते.

"बस्स, बस्स," बाप मागून म्हणे. "पहिलं पाणी हलकंच द्या लागते. एकदम पोटभर देल्लं तं झाडाले सोसत नाही."

म्हणून त्या दिवशी तोही जास्त बोलला नाही. घरी येताना फक्त म्हणे, "मायबाई, तहान लागली." तिनं गडवा भरून देल्ला. त्यानं उभ्यानंच पिऊन घेतला अन् पुन्हा पुढं केला. शकुबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. धूर नोता तरी डोळे पुसून राहिली होती.

मंग जवा मालतीची जायची वेळ आली, तवा बगीचा असा फुलला होता का बोरगावच्या फाट्यावर गाडीतले लोक झोपेतून उठून खिडकीतून पाहत. सारं गाव त्या वासात पोहून राहिलं होतं. शकुबाईनं उशीची शिवण उसवली, झाडाखाली पडलेले फुलं ओंजळभर आत टाकले, अन् पुन्हा शिवली. ह्याच स्टँडवर आले तिघं. नत्थूजीनं पेटी टपावर चढवली, दोर दोनदा आवळला. केशवरावही उभा होता बाजूले.

गाडी सुटताना नत्थूजी खिडकीपाशी गेला. मले वाटलं, आता हा खाकरन अन् गाडी निघून जाईन. पण बोलला. "मायबाई, करमलं नाही तं ये. पेटी डोक्यावर घेऊन ये. लोक हसले तं हसू दे, मी फाट्यापर्यंत सामोरा येईन." केशवराव दुसरीकडं पाहाले लागला. पोरीनं बापाच्या हातावर हात ठेवला, गाडी हालेपर्यंत ठेवला.

हप्ता गेला, महिना गेला. पेटी वापस नाही आली. पोळ्याले पोरगी आली, दोन दिवस राहिली, गेली. दिवाळीले आली, गेली. आता नत्थूजी दर बजारच्या दिवशी येते, माह्याकडून पेपर विकत घेते. वाचता येत नाही तरी घेते, थारोळ्यावर मांडीवर उलगडून ठेवते अन् डोळे मिटून बसते. म्हणते, ऐकू येते. मी नाही हसत. येतही असन.

घ्या, चहा घ्या. कप हालून राहिले पहा, गाडी आली तुमची. एक काम होतं जी तुमच्यापाशी. ही पिशवी पहा, सकाळीच ठेवून गेला तो. ओल्या फडक्यात विहिरीकाठच्या झाडाची डहाळी आहे, फुलासकट, अन् खाली त्याचेच चार संत्रे. आंबट असतील, पण तिले चालते. नागपुरात बर्डीवर उतरले का पोरींच्या होस्टेलचं कोणालेही विचारा, फाटकावर मालती बोरगाववाली म्हणून सांगा, येईन ती खाली. पिशवी तिच्या हातात द्या. अन् देताना तिच्या तोंडाकडं जराक नीट पाहून घ्या. वापस याल तवा इथं दोन मिनिटं उतरा, अन् पान कसं आहे तेवढं मले सांगून जा.